सात मार्कांची छत्रीवाली बाई

दहावीला चित्रकलेचा भाव काय चाललाय? चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड असेल तर 7 गुण, बीला 5, सीला 3. 2017 साली ए ग्रेडला 15 मिळत होते. त्या वर्षी राज्यात 193 पोरं शंभर टक्क्यांची निघाली आणि भाव पडला.

घोडेगावला कांद्याचा पडतो, तसाच.

7 गुण म्हणजे पाचशेत 1.4 टक्के. नगरमध्ये (लिहायला अहिल्यानगर, बोलायला अजून नगरच) तेवढ्यात कॉलेज बदलतं. 2025पासून आपल्या जिल्ह्यातही अकरावी ऑनलाइन झाली. पूर्वी साहेबांची चिठ्ठी चालायची. कॉम्प्युटरला साहेब कळत नाहीत, ए ग्रेड कळते.

म्हणून पोरं चित्रं काढतात. या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. पाहिलेलं आठवून काढायचं. क्लासवाले ते पाठ करून घेतात! 'बसस्टॉपवरचं दृश्य' तीनदा, 'भाजीबाजार' चारदा, छत्रीवाली बाई कायम उजवीकडे. पोरगं रोज माळीवाडा स्टँडवरून येतं-जातं. कागदावर उतरतो तो गाइडमधला स्टँड.

आठवण पोराची, छत्री सरांची.

खेळालाही गुण आहेत. ते घाम गाळणाऱ्याला मिळाले तर कोण नाही म्हणेल? पण कागद मैदानापेक्षा जोरात पळतो. मागे ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रं लावून सरकारी नोकरीत शिरलेले सापडले. जाळीवर पाय ठेवला नव्हता, उडी मात्र थेट कचेरीत.

आणि पाथर्डीचं ऊसतोड्याचं पोरगं? दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर ऊसतोडीला जातं. कोपीवर धाकटीला सांभाळतं, चूल पेटवतं, जमेल तेव्हा मोळ्या बांधतं. अभ्यासाबाहेरचं यापेक्षा जास्त कोण करतं? फॉर्मात त्याला रकाना नाही.

बरं, हे 7 गुण टिकतात किती? अकरावीच्या प्रवेशापर्यंत. नीटला ए ग्रेडचे किती? शून्य. इंजिनिअरिंगच्या सीईटीला? तेवढेच. सायन्सला नंबर लागला की रंगपेटी माळ्यावर, बॅट पलंगाखाली आणि पोरगं क्लासला. कॉलेजात फक्त नाव.

परवा एक ए ग्रेडवाला भेटला. विचारलं, "काय रे, सध्या काय काढतोस?"

"झेरॉक्स."