टेम्पो आणि पट्टी

दोन गाणी एकमेकांत बेमालूम मिसळण्याच्या डीजेविद्येचे दोन आधार मानले जातात : टेम्पो, म्हणजे दर मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांची संख्या, आणि पट्टी, म्हणजे गाण्याचा षड्ज ज्या स्वरावर बसलेला असतो ते स्थान. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात मात्र या दोन्ही शब्दांना आधीपासूनच पक्के अर्थ असून, तेथे टेम्पो म्हणजे स्पीकरची भिंत वाहणारे वाहन आणि पट्टी म्हणजे त्या वाहनाच्या भाड्यासाठी घरटी काढली जाणारी वर्गणी होय. हा अर्थभेद वरवरचा आहे. कारण दुसऱ्या पट्टीवाचून पहिली लागत नाही आणि दुसऱ्या टेम्पोवाचून पहिला हलत नाही.

तिसरी संज्ञा ‘डॉल्बी’. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये स्थापन केलेली कंपनी प्रथम गाजली ती ध्वनिफितीतली खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेमुळे. खिडक्यांची तावदाने थरथरवणाऱ्या यंत्रणेस तेच नाव पडावे, हा भाषेने केलेला विनोद आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घालणारे नियम २००० सालचे असले, तरी डॉल्बीच्या बाबतीत ती मर्यादा बहुधा ‘हॅलो, चेक’ एवढ्यातच संपते.

मिसळायच्या गाण्यांपैकी टेक्नो हे १९८० च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात आकारास आलेले यांत्रिक नृत्यसंगीत असून, त्यात मिनिटाला साधारण १२० ते १५० ठोके पडतात आणि प्रत्येक मात्रेवर खर्जाचा आघात असतो. अशी दोन गाणी जोडताना डीजे त्यांची गती सारखी करतो, एकाचे आवर्तन संपताना दुसरे समेवर आणतो आणि दोन खर्जांचा चिखल होऊ नये म्हणून एकाचा खर्ज उतरवतो. पट्टीसाठी तो बारा आकड्यांचे एक चक्र वापरतो. त्यात प्रत्येक आकड्यास ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन कप्पे, म्हणजे एकूण २४ पट्ट्या असतात, आणि शेजारच्या आकड्यांत षड्ज-पंचमाचे नाते असल्याने त्या पट्ट्या एकमेकींत खपून जातात. पेटीवर खेटून बसलेल्या पांढरी एक आणि काळी एक या चक्रात मात्र ‘५ए’ आणि ‘१२ए’ अशा पाच घरे दूर पडतात. बांधाला बांध लागलेल्यांत भाऊबंदकी आणि सोयरीक मात्र पाचव्या स्वराशी, हा नियम १८८३ पासून देवल क्लब ही संगीतसंस्था चालवणाऱ्या कोल्हापूरला नव्याने शिकवावा लागत नाही.

या शास्त्राची कसोटी गणेशविसर्जनाच्या दिवशी लागते. राजाराम बंधाऱ्याच्या वाटेवर दोन मंडळांचे टेम्पो चौकात समोरासमोर ठाकले, एकावर १२६ च्या गतीचे पांढरी एकमधले आणि दुसऱ्यावर १३२ च्या गतीचे काळी एकमधले गाणे लागले, की दोन्हींचे ठोके दर दहा सेकंदांनी एकदाच जुळतात. उरलेल्या वेळात डावा पाय एका मंडळाचा आणि उजवा दुसऱ्याचा, अशी नाचणाऱ्याची वाटणी होते. यावर उपाय आहे. तबकडीची गती सुमारे सहा टक्के वाढवली की स्वरही अर्ध्या स्वराने चढतो. त्या हिशेबाने १२६ चे गाणे १३२ वर नेल्यास गती तंतोतंत जुळते आणि स्वर काळी एकच्या उंबऱ्यापर्यंत येऊन बाहेरच थांबतो. परंतु समोरच्याच्या गतीशी जुळवून घेणे म्हणजे माघार, अशी दोन्ही बाजूंची धारणा असल्याने दोघेही गतीऐवजी आवाजच वाढवतात.

अखेरीस जनरेटरांतले डिझेल संपते. तेव्हा एका कोपऱ्यात हलगीवाला रद्दीचा कागद पेटवून, भाद्रपदाच्या ओलीने सैल पडलेले चामडे त्या जाळावर धरतो, बोटाने टिचकी मारून पाहतो, पुन्हा धरतो आणि ठणठणीत आवाज उमटताच पहिली थाप टाकतो. चक्रावाचून पट्टी चढते, घुमकं आणि कैताळ हलगीला येऊन मिळतात, आणि दोन्ही मंडळांची पोरे एकाच समेवर पाय टाकू लागतात. संध्याकाळभरातले हे एकमेव निर्दोष मिश्रण चालू असतानाच, त्याच ठेक्यावर दोन्ही मंडळांचे कार्यकर्ते गर्दीत शिरतात आणि डिझेलसाठी नव्याने पट्टी काढू लागतात.