रांगेतल्या तासांचं भाडं

5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, 701 किलोमीटर. ट्रकने ताशी 80 ची मर्यादा पाळली, वाटेत जेवण-विश्रांती घेतली, तरी भरलेली गाडी दिवसाभरात भिवंडीच्या गोदामावर हजर. पुढे काय?

पुढे रांग.

आत जागा नाही. जागा झाली तर हमाल जेवायला गेलेले. हमाल आले तर ऑर्डरचा नंबर जुळत नाही. नंबर जुळला तर साहेब निघालेले. 'सकाळी बघू.' पंचावन्न हजार कोटींच्या रस्त्याने वाचवलेले तास वॉचमनच्या खुर्चीपाशी संपतात.

मालवाहतुकीचं दुखणं म्हटलं की आपण खड्ड्यांकडे बोट दाखवतो. खड्डे आहेतच. पण देशातला सुमारे 70 टक्के माल वाहणारे रस्ते रुंद होत गेले. मुंबईची जकात 2017 मध्ये जीएसटीने संपवली. 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. चाकं फिरतात त्या वाटेतले अडथळे एकेक करून निघाले. चाकं थांबतात त्या जागेकडे कुणी पाहिलंच नाही.

गाडी धावत असताना घड्याळ किती कडक! मालासोबतच्या ई-वे बिलाला दर 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत. मुदत संपली आणि वाढवून घेतली नाही, तर गाडी अडते, दंड बसतो. कंपनीचा माणूस तासातासाला फोन करतो, 'कुठवर आला?' तीच गाडी दारात आली की तो फोन उचलत नाही.

गेटवरची वही उघडून बघा. गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, बिल्टीचा म्हणजे मालपावतीचा नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही. रात्री दोनला रांगेत लागलेली गाडी दुपारी चारला आत घेतली, तर वहीत वेळ पडते दुपारी चारची. मधले चौदा तास? त्यांना रकानाच नाही.

रकाना नाही म्हणून पैसे नाहीत. पैसे नाहीत म्हणून कुणाला घाई नाही.

रेल्वेच्या वाघिणी ठरलेल्या वेळेत रिकाम्या केल्या नाहीत, तर तासाच्या हिशेबाने डेमरेज लागतं. जहाज खोळंबलं तरी डेमरेज. म्हणून तिथे माल उतरवायला माणसं वेळेवर सापडतात. ट्रकवाल्याने हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचं भाडं मागितलं, तर उत्तर मिळतं, 'पुढच्या वेळी गाडी लावायची आहे ना?'

असं सुनावता येतं, कारण समोरचा माणूस लहान आहे. कंपनी काम देते मोठ्या ट्रान्सपोर्टरला, तो दलालाला, दलाल एक-दोन गाड्यांच्या मालकाला. देशातल्या बहुतेक ट्रकमालकांकडे पाचपेक्षा जास्त गाड्या नाहीत. भाडं हातोहात घटत खाली येतं. डिझेल, टायर, टोल, पगार आणि बँकेचा हप्ता मात्र अख्खे याच्याच डोक्यावर. गाडी उभी राहिली म्हणून हप्ता थांबतो का?

त्यात वराई. माल कंपनीचा, गोदाम व्यापाऱ्याचं आणि माल उतरवायचे पैसे गाडीवाल्याकडून! 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची जुनी मागणी आहे. हमालाला घामाचा दाम मिळालाच पाहिजे, 1969 चा माथाडी कायदा त्यासाठीच झाला. पण तो दाम मालाच्या धन्याने द्यायचा, की नुसता माल वाहून आणणाऱ्याने?

माल उतरला की पोच. बिल्टीच्या प्रतीवर सही-शिक्का मिळाल्याशिवाय उरलेलं भाडं सुटत नाही. एक पोतं फाटलेलं दिसलं की प्रतीवर 'शॉर्टेज' लिहून पैसे कापले. मग ती पोच कुरिअरने हेड ऑफिसला, तिथून बिल, मग पुढचा महिना, मग त्याच्या पुढचा. नोंदणी केलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या, असं 2006 चा कायदा सांगतो. उशीर झाला तर चक्रवाढ व्याजही द्यायला सांगतो. पण व्याज मागणाऱ्याला पुढचं भाडं कोण देणार?

आणि ड्रायव्हर? 1961 च्या कायद्याने मोटार वाहतूक कामगाराला दिवसाचे आठ तास ठरवून दिले. मुळात तो लागू केला पाच किंवा जास्त कामगारांच्या धंद्याला. ज्याला त्याची सर्वात जास्त गरज, तो एकट्या गाडीवरचा माणूस बाहेरच राहिला.

रांगेत ड्रायव्हरची झोप होते, असं फाटकाच्या आतल्यांना वाटतं. रांग चार हात सरकली की गाडी सरकवावी लागते, नाहीतर मागचा पुढे घुसतो. एक डोळा ताडपत्रीवर, दुसरा डिझेलच्या टाकीवर. संडास नाही, पाण्याचा नळ नाही. 2025 पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, चांगलंच झालं. पण इंजिन बंद की एसी बंद. रांगेत डिझेल कोण जाळणार?

मग बुडालेला वेळ भरून काढायला तोच माणूस तांबारलेल्या डोळ्यांनी गाडी घाटात घालतो. कसारा, खंबाटकी, बोरघाट. अपघात झाला की बातमी ठरलेली, 'चालकाचं नियंत्रण सुटलं.' तो आदली रात्र कुठल्या फाटकाबाहेर जागला, हे कोण छापतं?

आपण गिऱ्हाईक, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून सुटका नाही. रांगेत अडकलेल्या गाडीच्या महिन्यातल्या फेऱ्या कमी होतात. फेऱ्या कमी झाल्या की प्रत्येक फेरी महाग पडते. त्यातला आपला वाटा डाळीच्या किलोत आणि साबणाच्या वडीत वसूल होतोच.

उपायाला नवा महामार्ग लागत नाही. बिल्टीवर आणि गेटच्या वहीत एक रकाना वाढवा, गाडी दारात आल्याची वेळ. भरायला-उतरवायला ठरावीक तास मोफत, त्यापुढे तासाला दर, आणि तो बिलात आपोआप धरलेला. गोदामाला परवानगी देताना गाड्यांना जागा, ड्रायव्हरला संडास आणि पाणी आहे का, ते आधी तपासा. रेल्वेला जे जमतं, ते सरकारने ट्रकसाठीही नियमात लिहावं.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. तुमच्या कंपनीच्या, कारखान्याच्या, गोदामाच्या फाटकावर अशी वही असेल, तर सोमवारी तिच्यात तो रकाना आखून घ्या. पट्टी आणि पेन पुरे.