ईआरपी ‘बसवून’ गेलेल्या सल्लागारांस

सल्लागार महोदय,

आमच्या डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात तुम्ही ईआरपी बसवलंत, त्याबद्दल आभार. बसलंय खरं, आता उठत नाही.

आराखडा तुमचा फार देखणा. त्यात ‘रिअॅक्टर क्रमांक’ असा सक्तीचा रकानासुद्धा! 1991च्या अधिसूचनेने केंद्राने डहाणू तालुक्यातल्या प्रदूषणकारी उद्योगांना लगाम घातला, हे तुमच्या कानावर आलं नसावं. वापीकडच्या कुणा केमिकलवाल्याचा आराखडा नाव बदलून आमच्या गळ्यात मारलात. आमचा स्टोअरकीपर त्या रकान्यात रोज ‘नाही’ लिहितो. सिस्टीम खूश.

आयटम मास्टर मात्र खास तुमचा. ‘लाल 9 नंबर’, ‘रेड नाइन’ आणि ‘बलून 9 रेड’ या तुमच्या लेखी तीन वस्तू. माल एकीत जमा होतो, दुसरीतून जातो. एकीचा साठा उणे दिसला की सिस्टीम घाईघाईने लॅटेक्स मागवते. गोडाऊनमध्ये पिंपांना जागा नाही. लॅटेक्स येतं किलोने, फुगे जातात ग्रोसने, मध्ये घट किती धरायची? डिपिंगवरच्या माणसाला ते तोंडपाठ आहे. पण तो केबिनमध्ये बसत नाही, आणि तुम्ही केबिनबाहेर आला नाहीत.

तलासरी ओलांडून अच्छाडच्या पुढे गेलं की गुजरात लागतो, हे तरी नकाशात दिसलं असतं. तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना राज्याचा कोड 27 ठोकलात. भिलाडच्या पार्टीचा कोड 24. तिला आयजीएसटी लावायचा, बिल निघालं सीजीएसटी-एसजीएसटीचं. गाडी भरून उभी, ड्रायव्हर चहा पितोय आणि तुमचा फोन ‘व्यस्त’.

आणि चालू करायचा मुहूर्त? ऐन डिसेंबरचा सीझन! 1999 साली अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीनेही असाच घाईचा मुहूर्त धरला होता. 11 कोटी 20 लाख डॉलरची यंत्रणा, आणि हॅलोविनच्या तोंडावर गोदामात चॉकलेट असून दुकानांत पोचेना. त्यांच्याकडे निदान बुडवायला तेवढे पैसे होते.

तेव्हा कळविण्यास आनंद होतो की तुमचा शेवटचा हप्ता शेठनी अडवला आहे. नवं काम 1 एप्रिलपासून. त्याआधी सगळा साठा हाताने मोजायचा, एका वस्तूला एकच नाव द्यायचं आणि महिनाभर जुनी वही सोबत चालवायची, असं ठरलंय. बैठक गोडाऊनमध्ये झाली. तुम्हाला बोलावलं नव्हतं.