आप्पा, तुमच्या नातवानं नांगर धरला

म्लादा बोलेस्लाव, फेब्रुवारी

आप्पा आणि आई,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं एकदम बोलायला लागलात आणि तेवढ्यात शेंद्र्याची लाइट गेली. भंगारवाल्याचं काय ठरलं ते अर्धंच कळलं, आणि माझी बाजू तर मांडायचीच राहिली. म्हणून हे पत्र.

फोटोत दिसलं ते खरं आहे. लेकराच्या पायांना बर्फावर घसरायच्या फळ्या होत्या, पुढं उतार होता आणि मागून कुणी धरलेलं नव्हतं. पण "पोराला फळीला बांधून डोंगरावरून सोडलं" अशी बातमी जी शेंद्रा कमानीवरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचलीय म्हणे, ती तेवढी दुरुस्त करून घ्या. उतार आपल्या ओट्यापासून हापशापर्यंत आहे तेवढाच होता.

आपल्याकडं "जावळ कधी काढणार?" म्हणून विचारतात, तसं इथं पोर नीट चालायला लागलं की "बर्फावर कधी नेणार?" म्हणून विचारतात. तिसरं सरत आलं तरी आम्ही नेलं नाही म्हटल्यावर खालच्या मजल्यावरच्या आजीबाई आमच्याकडं अशा बघायच्या, जसा काही आम्ही पोलिओचा डोस चुकवलाय. शेवटी गेलो.

गावाचं नाव श्पिंडलरूव म्लीन. इथून दीडेक तास. म्लीन म्हणजे गिरणी, पिठाचीच. "दळणाला एवढं लांब?" असं आई विचारणार, म्हणून आधीच सांगते, आता तिथं सगळे फक्त घसरायला येतात. त्या डोंगररांगेत चेक देशातलं सगळ्यात उंच शिखर आहे, स्न्येझका. शेजारच्या एका गृहस्थांनी छाती फुगवून सांगितलं, 1603 मीटर! ह्यांनी लगेच फोनवर कळसूबाई शोधली. 1646. दिवसभरात ह्यांचं डोकं वर राहिलं ते तेवढंच.

कारण त्यानंतर हे पडले. उभ्या-उभ्या, भाड्याच्या फळ्या पायात घालून, एक पाऊलही न टाकता. एक म्हातारा शेजारून जाता-जाता हळहळून म्हणाला, "श्कोडा!" ह्यांना वाटलं, कंपनी विचारतोय. पडल्या-पडल्या हात वर करून म्हणतात, "हो हो, तिथंच कामाला!" आप्पा, चेकमध्ये श्कोडा म्हणजे नुकसान, 'अरेरे'. कंपनीला नाव पडलं ते एका कारखानदाराच्या आडनावावरून, पण 2001 पासून शेंद्र्यात त्या नावाच्या गाड्या बनतायत आणि आपल्याला कुणी अर्थ सांगितला नाही.

आता बर्फाचं. सगळा काही आभाळातून पडत नाही. तोफेसारखी यंत्रं लावून पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवतात, आणि थंडी शून्याच्या बरीच खाली असली की ते जमिनीवर येईपर्यंत बर्फ होतात. हे काम बहुतेक रात्री, कारण थंडी तेव्हा. तुम्ही थ्री-फेज रात्री दोनला येते म्हणून बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचात ना, तसाच इथलाही एक माणूस रात्रभर डोंगराला पाणी देत असतो. फक्त त्याच्या पाण्यावर गव्हाऐवजी पाहुणे उगवतात. मराठवाड्यात टँकरमागं हंडा घेऊन पळलेल्या माझ्यासारखीला ते बघवलं नाही, खोटं कशाला सांगू.

लेकराचे बूट बघायला हवे होते तुम्ही. टणक प्लास्टिक, घोटा वळतच नाही. ते घातल्यावर त्याची चाल एकदम नव्या आमदारासारखी झाली. लहान पोरांना वर न्यायला जमिनीलगत सरकता पट्टा असतो. त्यावर नुसतं उभं राहायचं. लाल, निळी, पिवळी पोरं एकामागं एक सरकत चाललेली बघून ह्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "अगं, ही तर आपली असेंब्ली लाइन!"

शिकवायला विशीतली एक मुलगी होती. तिनं विचारलं, तयार का? आपला गडी म्हणाला, "आनो." आई, त्या वेळी तुम्ही फोनवर होतात आणि "काय आनू रे सोन्या? काय पायजे?" म्हणून कळवळलात. त्याला काही नको होतं. इथं आनो म्हणजे 'हो'.

मग ती मुलगी ओरडली, "प्लुह! प्लुह!" मला वाटलं थुंक म्हणतेय की काय. ह्यांनी अर्थ सांगितला आणि मी जागच्या जागी थांबले. प्लुह म्हणजे नांगर. घसरताना थांबायचं असलं तर फळ्यांची टोकं पुढं जुळवायची आणि टाचा मागं फाकवायच्या. कडा बर्फात रुततात, दोन्ही बाजूंना बर्फ सरतो आणि वेग मरतो. पहिला धडा हाच. पळायचं नंतर, आधी नांगर धरायचा.

आता त्यानं नांगर कुठं बघितलाय? त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी आपलं रान एमआयडीसीत गेलं, बैल विकले. मी सांगितलं, आप्पांकडं आहे खरा, लोखंडाचा. तर विचारतो, "आप्पा पण घसरायचे?" मी म्हटलं, नाही रे, आप्पा सरळ चालायचे. तीनदा तो बुडावर आपटला. चौथ्यांदा गुडघे वाकवून, जीभ बाहेर काढून, नांगर धरून त्या मुलीच्या पायांपाशी येऊन थांबला. फोटो आहे तो याच वेळचा. घाबरून नव्हे, जोर लावून तोंड तसं झालंय.

जेवायला तिथलं किसेलो घेतलं. राईचं आंबवलेलं पीठ, त्यात अळंबी आणि अंडं. आपल्या आंबिलीची लांबची बहीण म्हणा. अंडं बाजूला काढून मी दोन वाट्या प्यायले. बाकी माझी शेंगदाण्याची चटणी होतीच.

आई, तुम्ही मंगीरबाबाला बोकडाचा नवस बोललात ते कळलं. इथल्या डोंगरालाही राखणदार आहे, क्राकोनोश, लांब दाढीवाला. ऊन-वादळ त्याच्या हातात म्हणतात, आणि लोभ्याला तो अद्दल घडवतो. तेव्हा लेकराच्या पाठीशी त्या दिवशी दोघं होते. बोकडाचा खर्च मात्र एकट्या ह्यांच्या पगारातून जाईल, तसं मी सांगून ठेवलंय.

ह्यांचा गुडघा आता बराय. शेक देतेय.

मंगीरबाबाच्या जत्रेला चैत्रात आम्ही येतोय, तिकिटं काढली आहेत. आप्पा, तोवर भंगारवाल्याला दारातून परत पाठवा. किलोचा भाव वाढवून देतो म्हणाला तरी नांगर देऊ नका.

तुमची,
सूनबाई