अधिक-उणे सर

सरांना वेळ विचारली की उत्तर येतं, "सव्वाआठ, अधिक-उणे पाच मिनिटं." जेवायला किती माणसं येणार, या काकूंच्या प्रश्नाला एकदा "सहा, अधिक-उणे दोन" असं उत्तर मिळालं. तेव्हापासून काकू विचारत नाहीत, भात जास्तच लावतात.

सर रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूपांनी उभारलेली दुर्बीण आहे ना, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची? तिच्या डेटावर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. उरलेल्या अर्ध्यात दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून अर्ज लिहिले. आम्ही हौशी मंडळी हिवाळ्यात अमावास्या गाठून कसारा, विहीगाव करत खोडाळ्याला आकाश बघायला जातो. सरांना बरोबर नेतो. एवढा मोठा जाणकार सोबत असला की बरं, असा आमचा हिशेब.

खोडाळा सोडून सूर्यमाळच्या बाजूला वळलं की बाकीचे हात उंच करून रेंज शोधू लागतात. सर रेंज नसलेली जागा शोधतात आणि सापडली की तिथे चटई अंथरतात. मोबाइल, मोटारसायकलच्या प्लगची ठिणगी, विजेची तार हे सगळे त्यांचे जन्माचे वैरी. कुठल्या तरी आकाशगंगेतून अब्जावधी वर्षं चालत आलेली लहर या गोंगाटात बुडते, म्हणून. चहाला उशीर झाला की ते पार्क्सची गोष्ट काढतात. ऑस्ट्रेलियातल्या त्या दुर्बिणीला वर्षानुवर्षं एक गूढ संकेत मिळत होता. शेवटी २०१५ साली उलगडा झाला : कुणीतरी घाईनं मायक्रोवेव्ह बंद व्हायच्या आतच त्याचं दार उघडत होतं. "म्हणून चुलीवरचाच चहा बरा," असं म्हणून सर दुसरा कप मागतात.

बाजारातल्या हॉटेलात बिल झालं १८०. सर म्हणाले, "म्हणजे शंभराच्या घरात." त्यांच्या धंद्यात एवढा फरक कुणी मनावर घेत नाही. मालकानं मात्र घेतला. "शंभर ठेवा साहेब, आणि वरचे ऐंशीपण ठेवा."

गावातली शाळकरी पोरं जमली, तेव्हा सर खुलले. विश्वात हायड्रोजन आणि हेलियम, बाकीचे सगळे धातू, असं त्यांनी सांगून टाकलं. एका मुलीनं हात वर केला.

"सर, ऑक्सिजन अधातू आहे."

"आमच्याकडे तोही धातूच."

"तुमच्याकडे म्हणजे कुठल्या शाळेत?"

खगोलशास्त्रात खरंच तसं म्हणतात, पण हे त्या मुलीला पटवायला सरांकडे संदर्भग्रंथ नव्हता. तिच्याकडे पाठ्यपुस्तक होतं.

खरी मजा रात्री नऊनंतर. सरांची पीएचडी मृगातल्या तेजोमेघावर. तेराशे-साडेतेराशे प्रकाशवर्षांवरच्या त्या मेघातल्या वायूचं तापमान, वेग, घनता त्यांना तोंडपाठ. पोरांनी विचारलं, "कुठाय तो?" सर तत्काळ म्हणाले, "विषुवांश पाच तास पस्तीस मिनिटं, क्रांती वजा पाच अंश." आणि बोट दाखवलं वायव्येला. मृग पूर्वेला, चांगला हातभर वर आला होता.

आमच्यामागे घोंगडी गुंडाळून एक म्हातारेबाबा बसले होते. ते म्हणाले, "ती तीन कांडं हायती ना, त्यांच्या खाली मळकट दिसतंय, ते का?"

तेच होतं. सर चष्मा पुसून पुसून बघत राहिले. मग उठून बाबांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवायला लागले. "डोळ्यांनी दिसतो हो! मला वाटलं होतं, फक्त आलेखातच दिसतो." दुर्बिणीनं रेडिओलहरी टिपायच्या, संगणकानं चित्र काढायचं, आणि सरांनी त्या चित्राखाली पन्नास तळटीपा लिहायच्या, अशी त्यांची आजवरची रीत. यात वर बघायचा प्रसंगच कधी आला नव्हता.

बाबांना कुतूहल वाटलं. "मग तुमी रातभर तिथं काय करता?"

"मी झोपतो. दुर्बीण काम करते."

"आन् पगार?"

सरांनी थोडा विचार केला. "पगार मला. तिला ग्रीस."

"किती?" बाबांनी विचारलं.

"ग्रीस की पगार?"

"ग्रीस," बाबा म्हणाले. "आमच्या पंपाला लागतंय थोडं."