आधी पिंपं हलवा

गॅरेज म्हणजे गाडी ठेवायची खोली, हा अर्थ साहेबाचा. आपल्याकडे गाडी पोर्चमध्ये, कडुलिंबाखाली नाहीतर शेजाऱ्याच्या फाटकासमोर राहते. गॅरेज म्हणजे जिथं मिस्त्री असतो आणि ‘संध्याकाळी बघू’ असं उत्तर मिळतं ते ठिकाण. घरात स्वतःचं गॅरेज काढू इच्छिणाऱ्यांनी यातला कोणता अर्थ घरच्यांना सांगायचा, ते आधी ठरवून घ्यावं. मी ‘गाडीला सावली होईल’ एवढंच सांगितलं होतं. परवानगी मिळेपर्यंत तेवढं पुरतं.

पुढचं मार्गदर्शन सोलापुरात, १९८४ सालच्या एका प्रीमियर पद्मिनीवर, स्वखर्चानं तपासून घेतलेलं आहे.

गाडी. सोलापूरकरानं पद्मिनीच घ्यावी. वालचंद हिराचंद १८८२ मध्ये आपल्याच गावात जन्मले. या माणसानं जहाजं चालवली, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज-प्लिमथ जोडल्या गेल्या, मग फियाटशी करार झाला, आणि सत्तरच्या दशकात तीच फियाट पद्मिनी झाली. म्हणजे आराखडा इटलीचा, कारखाना कुर्ल्याचा आणि मालक सोलापूरचा. आपण ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांनाच ‘काय मालक’ म्हणतो. या एका माणसाला ते खरोखर लागू होतं.

शिवाय ही गाडी नवशिक्याला समजते. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, एक कार्बोरेटर, गिअर स्टिअरिंगखाली. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. बॉनेट उघडलं की इंजिनच्या बाजूनं खालची जमीन दिसते. आताच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. पद्मिनीचा बिघाड डोळ्यांना दिसतो. दिसलेला बिघाड आपल्याला जमतो का, हा पुढचा विषय.

जागा. पद्मिनी जेमतेम तेरा फूट लांब आणि पाच फूट रुंद. हे मोजून नवशिका पंधरा बाय आठचं शेड मारतो आणि मग दार उघडता येत नाही म्हणून काचेतून बाहेर पडतो. दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन फूट, पुढं टेबल आणि टेबलाशी उभा राहणारा माणूस यांना सहा-सात फूट, असं धरलं तर वीस बाय बारा होतं. हे झालं कागदावर. आता यातून पिंपं वजा करा.

ही वजाबाकी कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. उजनी धरण शंभर टक्के भरल्याची बातमी आपण वाचतो ती पिंपं मोजत मोजत, कारण नळ चार-पाच दिवसांनी येतो. दोनशे लिटरच्या पिंपाचा व्यास दोन फुटांच्या आसपास. सहा पिंपं ओळीनं लावली की बारा फुटांची भिंत संपली. ही तीच भिंत, जिथं तुम्ही टेबल आणि शेगडा बसवणार होता. पिंपांवर फळी टाकून टेबल करता येतं असं मलाही वाटलं होतं. पाणी भरायच्या दिवशी फळीवरचं अर्धं इंजिन कुठं ठेवायचं, हा विचार तेव्हा केला नव्हता. हिवाळ्यात कूलर, उन्हाळ्यात शेंगांचं पोतं आणि वर्षभर गणपतीचं मखर हेही याच खोलीचे हक्कदार असतात.

जमीन. शहाबादी फरशी जवळून येते, स्वस्त पडते आणि मे महिन्यात पाठीला गार लागते. पण खाली पोकळ राहिली असेल तर जॅकच्या टोकाखाली ती तडकते, आणि दोन फरशांमधली फट वायसर गिळते. माझ्या फरशीखाली आता एका गाडीपुरते वायसर असावेत. चार इंचांचं काँक्रीट टाका. पैसे नसतील तर थांबा. गाडी कुठं जात नाही, हे तर आपण पाहतोच आहोत.

खड्डा. गाडीखाली उभं राहून काम करायला खड्डा हवा, असं प्रत्येक नवशिक्याला वाटतं. मी खणला. आमच्या गल्लीतले अण्णा चाळीस वर्षं मागांवर जॉबर होते. माग बिघडला की कुठला खिळा ढिला आहे ते आवाजावरून सांगायचे. ते कठड्याशी आले, खाली बघितलं आणि म्हणाले, “मालक, काळ्या मातीत भिंत बांधताय. पावसाळ्यात या मला बोलवायला.” काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मधल्या भिंतीला कोणी विचारत नाही. पहिल्याच पावसात एक बाजू पोट सुटल्यासारखी आत आली.

इथं थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात जाऊन बसते. वर कार्बोरेटर गळत असेल आणि खाली उघडी वायर असलेला बल्ब असेल, तर सांगायला कोणी उरत नाही. तसंच, शटर ओढून आत इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आमच्या खड्ड्याची भिंत पुन्हा बांधली, आतून वॉटरप्रूफ गिलावा केला, वर लोखंडी झाकण आलं. घरच्यांनी एकमतानं त्याला टाकी म्हटलं. साडेतीन हजार लिटर पाणी मावतं. संपूर्ण गॅरेजवर झालेल्या खर्चापैकी एवढाच आईला मान्य आहे.

तेव्हा खड्ड्याऐवजी जॅक आणि स्टँड घ्या. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो; आतलं ऑइल सील कधी दगा देईल सांगता येत नाही. उचललेली गाडी नऊशे किलोच्या आसपास आहे, तिच्याखाली शिरण्याआधी चारही कोपऱ्यांना लोखंडी स्टँड लागलेच पाहिजेत. विटा चालत नाहीत. वीट सांगून फुटत नाही.

पाने. अण्णांनी मोठ्या मनानं आपली गिरणीतली पेटी दिली. पेटी भारदस्त, पाने त्याहून भारदस्त, आणि सगळे इंची, कारण जुने माग विलायती. पद्मिनी इटालियन वळणाची, म्हणजे मिलिमीटरची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. हा पाना १२ च्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो, आणि जोर दिला की पाना फिरतो, बोल्ट जागेवर राहतो आणि त्याचे सहा कोपरे गोल होतात. असे चार बोल्ट गोल झाल्यावर मी नाशिकच्या टपारियाचा सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंतचा सेट आणला. सोबत रिंग पाने, टी पाना, पक्कड, फीलर गेज आणि हातोडी. हातोडी सगळ्यात शेवटी घ्या. आधी घेतली तर बाकीचं विकत घ्यायची गरज वाटत नाही.

एका बाबतीत मात्र आपण जगाच्या पुढं आहोत. पुसायचं फडकं. टॉवेलच्या कारखान्यांतली कात्रणं इथं किलोवर मिळतात. टेरीचा तो तुकडा ऑइल असं पितो की बघत राहावं. गाडीखाली झोपायला चाकांची फळी वगैरे लागत नाही, सोलापुरी चादर पुरते. जुनी घ्यावी. कोणती जुनी, हे विचारून घ्यावं.

आणि एखादा बुश झिजला तर पार्ट शोधत बसू नका. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडं जुना तुकडा नेऊन टाका. ज्यानं उभं आयुष्य मागांचे सुटे भाग कातले, त्याला गाडीचा बुश म्हणजे मधल्या वेळचं काम. तो मायक्रोमीटर लावण्याआधी बोटानं फट बघतो आणि सुतात सांगतो.

वेळ. पहाटे साडेपाच ते नऊ. मे महिन्यात पारा ४३-४४ वर असतो आणि डोक्यावर पत्रा. उन्हात राहिलेला पाना दुपारी हातात धरवत नाही.

खोलणे आणि जोडणे. खोलायला दोन रविवार लागतात. सोपं असतं, आनंदही होतो, मुलं बघायला येतात. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट शेंगा चटणीच्या वेगळ्या बरणीत ठेवा आणि बरणीवर नाव लिहा, पण साध्या पेनानं नको. ऑइलच्या हातानं ते पुसलं जातं. माझ्याकडं ‘मागचा, बहुतेक’ अशी एक बरणी आहे.

जोडताना मी प्लगच्या वायरी १-२-३-४ अशा ओळीनं लावल्या. ओळीनं लावणं हे माझं शालेय शिक्षण. या इंजिनचा पेटण्याचा क्रम १-३-४-२ आहे. चावी फिरवली तेव्हा कार्बोरेटरमधून आणि सायलेन्सरमधून आळीपाळीनं असे बार झाले, की गल्लीला वाटलं गड्ड्याच्या जत्रेतलं दारूकाम यंदा लवकर सुरू झालं. अण्णांनी घरातूनच ओरडून सांगितलं, “वायरी बदला!” आवाजावरून. पुढच्या संक्रांतीला गाडी गड्ड्याच्या जत्रेत नेणार, असं मी तिसऱ्या वर्षी सांगतोय. आता विचारायचंही बंद झालंय.

कागद. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी पुन्हा. हे चुकवू नका. २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षं झालेली गाडी विंटेज ठरू शकते. माझी २०३४ मध्ये त्या वयाला पोचेल. गाडी पूर्ण होण्याची तारीख मी हल्ली तीच सांगतो.

सुटे भाग. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी होती तोवर पार्टची ददात नव्हती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता कुर्ल्याच्या भंगार बाजारात फिरावं लागतं. जिथं या गाड्या जोडल्या गेल्या, त्याच कुर्ल्यात त्या सुट्या होऊन टांगलेल्या दिसतात. मी तिथून दोन पोती भरून आणलं, रेल्वेनं, सीटखाली ठेवून.

त्या पोत्यांत सगळं निघालं, फक्त मागच्या डाव्या दाराची काच वरखाली करायचं हँडल नाही. एखाद्या वाचकाच्या माळ्यावर पडलं असेल तर घेऊन या. किंमत देईन, वर कडक भाकरी आणि शेंगा चटणी. पाणी येण्याचा दिवस सोडून कधीही या. त्या दिवशी गाडी बाहेर असते आणि मी पिंपांपाशी.