राहता कुठे ते नको

त्र्यंबकेश्वरी गुरुजी आधी मूळ गाव विचारतात, मग आडनाव, मग पणजोबा. पुण्यात फ्लॅट घेतलेला यजमान ऐटीत ‘पुणे’ म्हणतो आणि वंशावळीची वही काही निघत नाही. “अहो, राहता कुठे ते नको, मूळचे कुठले?” मग आजीच्या तोंडी कधीतरी ऐकलेलं गाव आठवतं, बासन सुटतं, आणि मोडीतल्या सहीपाशी खापरपणजोबा भेटतात.

माझी भाची एम.डी. करते. प्रबंधाला विषय मिळालाय विंचूदंश. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला सारांश धाडायचा, त्याआधी आजवर कुणी काय लिहिलंय ते धुंडाळायचं. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत साडेतीन कोटींहून जास्त नोंदी. त्यात ‘स्कॉर्पिअन बाइट’ टाकून काय गवसणार? एकनाथांपासून विंचू आपल्याला चावत आलाय खरा, पण ही सूची राखणाऱ्या अमेरिकेतल्या ग्रंथालयाच्या लेखी तो ‘स्टिंग’च करतो. शिवाय आपल्या या लाल विंचवानं तीन घराणी बदललीत. आधी ब्यूथस, मग मेसोब्यूथस, आता हॉटेंटोटा. ‘टॅम्युलस’ तेवढं कायम. आडनाव बदलून मुलूख सोडलेल्या कुळाला शोधायचं, तसलाच हा मामला.

तोडही तशीच. ओळखीचा एखादा नातलग धरायचा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे ‘लॅन्सेट’मधले १९८२ आणि १९८६ सालचे लेखन भाचीला ठाऊक होते; प्राझोसिन या औषधानं विंचवाचे रुग्ण वाचू लागले, ते यांच्यामुळे. असे खात्रीचे लेख निवडायचे नि त्यांचे पबमेडमधले क्रमांक येल विद्यापीठाच्या मेश अ‍ॅनालायझरमध्ये घालायचे. एका वेळी वीस चालतात. समोर तक्ता येतो: कुठला लेख कोणकोणत्या विषय-मथळ्यांखाली नोंदलाय. पबरीमायनर म्हणून दुसरं एक साधन आहे, ते कोणता शब्द, कोणतं मासिक, कोणता लेखक किती वेळा आला ते मोजून दाखवतं. मग शोधाचं वाक्य बांधायचं, जुनी-नवी सगळी नावं ‘किंवा’नं जोडून. दोन दुपारी यातच गेल्या तरी माझ्या मते त्या सत्कारणी लागल्या. हल्लीची पोरं थेट डाउनलोडच करत सुटतात.

पण वहीत पिढी त्याचीच, ज्याच्या घरचं कुणी त्र्यंबकला येऊन गेलं. पबमेडमध्येही जो लिहील तोच. बावस्कर रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करत, आणि त्या छापायला पाठवत. हरसूल, पेठकडच्या दवाखान्यांतही पावसाळ्यात विंचवाचे रुग्ण येतात, बरे होऊन भातलावणीला परततात. त्यांचा केसपेपर कुठल्या तक्त्यात उमटायचा?

“एकदा हरसूलला जाऊन रजिस्टर तरी चाळ,” मी म्हटलं.

“जाते की मामा,” भाची म्हणाली, “पण त्याला संदर्भ क्रमांक काय देऊ?”